हार्मंड्सवर्थ : हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीत सहाशे वर्षांचं कोठार वाचेल, पण गावाचं काय?

८ जून १९४८. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. कंपनीचं हे पहिलंच आंतरराष्ट्रीय उड्डाण. कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत ते लंडनच्या नव्या विमानतळावर उतरलं. त्या जागी चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत भाजीचे मळे होते, फळबागा होत्या आणि 'हीथ रो' नावाची एक छोटी वाडी होती.

वाडी गेली, तिचं नाव तेवढं उरलं. आज जगातल्या सर्वांत वर्दळीच्या विमानतळांपैकी एक असलेल्या हीथ्रोला त्या पाडलेल्या वाडीचंच नाव आहे.

ही वाडी ज्या गावाच्या हद्दीत होती, ते गाव मात्र अजून जागेवर आहे. त्याचं नाव हार्मंड्सवर्थ. विमानतळाच्या उत्तरेला, जेमतेम एक रस्ता ओलांडला की हे गाव लागतं. बाराव्या शतकातलं चर्च, सतराव्या शतकातली घरं, दोन पब आणि १४२६ च्या सुमारास बांधलेलं एक अवाढव्य लाकडी कोठार ही त्याची ओळख.

आता हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीचा विषय पुन्हा पुढे सरकला आहे. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी ब्रिटिश सरकारनं त्यासाठी विमानतळ कंपनीचाच आराखडा आधार म्हणून निवडला. हा आराखडा प्रत्यक्षात आला तर हार्मंड्सवर्थचा मोठा भाग जमीनदोस्त होईल. कोठार आणि चर्च मात्र राहील, असं आतापर्यंतच्या आराखड्यांत दिसतं.

म्हणजे वारसा वाचणार आणि तो ज्यांचा आहे ती माणसं जाणार, असं होईल का? मुळात या गावात एवढं जपण्यासारखं आहे तरी काय? आणि वारसा जपण्याचा कायदा इतका कडक असलेल्या देशात एक अख्खं गाव दोन दशकांहून जास्त काळ टांगणीला कसं लागू शकतं?

गाव किती जुनं?

हार्मंड्सवर्थ आज प्रशासकीयदृष्ट्या लंडनच्या हिलिंग्डन या भागात मोडतं. पण शतकानुशतकं ते मिडलसेक्स परगण्यातलं शेतकरी गाव होतं. नावातल्या 'वर्थ'चा अर्थ कुंपण घातलेलं आवार. हेरेमोड नावाच्या कुणा माणसाचं आवार, अशी या नावाची फोड केली जाते.

इसवी सन ७८० च्या एका दानपत्रात या जागेचा उल्लेख येतो. मर्सियाचा राजा ऑफा यानं इथली जमीन आपल्या एका सेवकाला दिली होती. पुढे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यम राजानं इंग्लंड जिंकलं आणि काही वर्षांतच हे गाव फ्रान्समधल्या रूआं शहरातल्या एका मठाला देऊन टाकलं. त्याच राजानं १०८६ मध्ये देशभरातल्या जमिनी, नांगर, गिरण्या आणि माणसांची मोजदाद करून घेतली. 'डोम्सडे बुक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दप्तरात हार्मंड्सवर्थची नोंद आहे.

या नोंदीवरून पुढे एक गमतीदार खटला झाला. १२७० च्या दशकात गावच्या कुळांनी मठाविरुद्ध तक्रार केली. आमच्याकडून जास्तीची वेठ आणि कर घेतला जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे गाव एकेकाळी थेट राजाच्या मालकीचं होतं हे सिद्ध झालं असतं, तर कुळांना काही खास हक्क मिळाले असते. म्हणून डोम्सडे बुक उघडून बघण्यात आलं. निकाल कुळांच्या विरोधात गेला.

साडेसातशे वर्षांपूर्वी या गावातली माणसं आपल्या जमिनीसाठी सरकारी कागदपत्रांचा आधार घेऊन भांडत होती, हे लक्षात ठेवायला हवं. कारण आजही ती तेच करत आहेत.

शाळेसाठी बांधलेलं कोठार

चौदाव्या शतकात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात दीर्घ युद्ध सुरू होतं. फ्रेंच मठांच्या इंग्लंडमधल्या जमिनींवर राजाची नजर होती. अशा वेळी १३९१ मध्ये विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ वाइकम यांनी हार्मंड्सवर्थची जहागीर विकत घेतली. आपण स्थापन केलेल्या विंचेस्टर कॉलेज या शाळेला कायमचं उत्पन्न मिळावं, हा त्यांचा हेतू होता. ही शाळा आजही चालू आहे. ब्रिटनचे माजी पंतप्रधान ऋषी सुनक तिथेच शिकले.

शाळेला उत्पन्न मिळणार ते धान्याच्या रूपात. मग धान्य साठवायला जागा हवी. त्यासाठी हे कोठार उभं राहिलं. लाकडाच्या वर्तुळांवरून वय काढण्याच्या पद्धतीनं तपासलं असता, यातली ओकची झाडं १४२४ च्या हिवाळ्यापासून १४२६ च्या वसंतापर्यंत तोडली गेली, असं आढळलं.

कोठाराची लांबी सुमारे ५८ मीटर आहे, रुंदी ११ मीटरहून अधिक आणि उंची सुमारे १२ मीटर. आत ओकच्या जाड खांबांच्या दोन रांगा आहेत. त्यामुळे मध्ये एक रुंद दालन आणि दोन्ही बाजूंना अरुंद पट्टे तयार होतात. प्रत्येक खांब दगडी बैठकीवर उभा आहे, जेणेकरून जमिनीची ओल लाकडात चढू नये. मोठ्या दारांमधून धान्यानं भरलेल्या गाड्या थेट आत येत. इथेच मळणी होई आणि इथेच गहू, जव, ओट साठवले जात.

या रचनेचं मोठ्या चर्चशी असलेलं साम्य पाहून कवी जॉन बेट्जमन यांनी त्याला 'मिडलसेक्सचं कॅथीड्रल' म्हटलं होतं. अनेक जण याला चर्चच्या कराचं धान्य ठेवण्याचं कोठार समजतात. ते बरोबर नाही. हे जहागिरीचं, म्हणजे जमीनमालकाचं कोठार होतं.

यातलं बहुतेक लाकूड मूळचंच आहे आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते शेतीसाठी वापरात होतं. सहाशे वर्षं जुनी इमारत आणि तीही सुतारकामाची, इतक्या चांगल्या अवस्थेत क्वचितच सापडते.

कोठाराला लागून सेंट मेरी चर्च आहे. त्याच्या आवारात रिचर्ड कॉक्स यांची कबर आहे. दारू गाळण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले कॉक्स जवळच्या कोलनब्रुकमध्ये राहायला आले आणि १८२५-३० च्या सुमारास त्यांनी सफरचंदाची एक नवी जात तयार केली. 'कॉक्सेस ऑरेंज पिपिन' ही जात पुढे इंग्लंडच्या घराघरांत पोचली.

हा सगळा पट्टा अशाच बागायतीचा. थेम्स नदीच्या खोऱ्यातली सुपीक माती, जवळ लंडनची बाजारपेठ. इथून भाजी आणि फळं शहरात जात आणि परतीच्या गाड्यांतून शहरातल्या घोड्यांचं शेणखत येई. इंग्लंडमधली उत्तम म्हणून गणली जाणारी ही जमीन होती. आज तिच्यावर काँक्रीट आहे.

हीथ रो वाडी कशी गेली?

हीथ रो ही हार्मंड्सवर्थच्या दक्षिणेला, माळाच्या कडेनं वसलेली घरांची ओळ. १९३० मध्ये फेअरी या विमानं बनवणाऱ्या कंपनीनं तिथे एक छोटी खासगी धावपट्टी सुरू केली होती. ती होती गवताची.

१९४४ मध्ये हवाई मंत्रालयानं ही धावपट्टी, आसपासची शेतं आणि वाडी ताब्यात घेतली. कारण सांगितलं गेलं ते युद्धाचं. जपानविरुद्धच्या लढाईसाठी सैन्याची मोठी मालवाहू विमानं इथून उडवायची आहेत, असं सरकारचं म्हणणं होतं. युद्धकाळातल्या आणीबाणीच्या अधिकारांमुळे जाहीर सुनावणी घेण्याची गरज नव्हती. हरकती मागवण्याचाही प्रश्न नव्हता. घरं पाडली गेली आणि शेतकऱ्यांना निघावं लागलं.

युद्ध संपलं आणि १९४६ च्या सुरुवातीलाच ही जागा नागरी विमान वाहतुकीकडे सोपवण्यात आली. सैन्याची विमानं तिथून कधी नियमित उडालीच नाहीत.

खरी गोष्ट बाहेर यायला आणखी २७ वर्षं लागली. १९४४ मध्ये हवाई मंत्रालयात उपमंत्री असलेले हॅरल्ड बाल्फर यांनी १९७३ मध्ये आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. लंडनसाठी नागरी विमानतळ हवा, हाच आपला उद्देश पहिल्यापासून होता आणि त्यासाठी युद्धाचं कारण पुढे करून मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांची दिशाभूल केली, असं त्यांनी त्यात कबूल केलं. तोवर विमानतळावर दरवर्षी कोट्यवधी प्रवासी येऊ-जाऊ लागले होते. फेअरी कंपनीसारख्या बड्या जमीनमालकालाही भरपाईचा वाद मिटवायला १९६४ साल उजाडावं लागलं.

हार्मंड्सवर्थच्या लोकांचा सरकारी आश्वासनांवर विश्वास का बसत नाही, हे समजून घ्यायचं तर हा इतिहास महत्त्वाचा आहे. हा त्यांच्याच गावाच्या हद्दीत घडलेला प्रसंग आहे.

एक धावपट्टी, किती तारखा?

विमानतळ उत्तरेकडे वाढवून हार्मंड्सवर्थ आणि शेजारचं सिप्सन ही गावं त्यात घ्यायची, अशी योजना १९४६ मध्येच झाली होती. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती सोडून देण्यात आली. पण विषय कायमचा संपला नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांतला घटनाक्रम असा आहे :

- २००३ : सरकारच्या हवाई वाहतूक धोरणात हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीला तत्त्वतः पाठिंबा.
- जानेवारी २००९ : लेबर पक्षाच्या सरकारची मंजुरी. त्या आराखड्यात सिप्सन गावावर बुलडोझर फिरणार होता.
- मे २०१० : सत्तापालट. नव्या आघाडी सरकारनं योजना रद्द केली.
- २०१२ : त्याच सरकारनं विमानतळांचा अभ्यास करण्यासाठी सर हॉवर्ड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.
- जुलै २०१५ : आयोगाची शिफारस आली. धावपट्टी हीथ्रोलाच, पण आता वायव्येला. म्हणजे धोका सिप्सनकडून हार्मंड्सवर्थ आणि लाँगफर्डकडे सरकला. आयोगाच्या हिशेबानं ७८३ घरं पाडावी लागणार होती.
- जून २०१८ : संसदेत ४१५ विरुद्ध ११९ मतांनी धोरणाला मंजुरी.
- फेब्रुवारी २०२० : अपील न्यायालयानं धोरण बेकायदा ठरवलं. पॅरिस हवामान कराराचा विचारच केला नाही, हे त्याचं कारण.
- डिसेंबर २०२० : सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. पण तोवर कोविडमुळे विमानंच जमिनीवर होती.
- जानेवारी २०२५ : अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी धावपट्टीला सरकारचा पाठिंबा जाहीर केला.
- नोव्हेंबर २०२५ : विमानतळ कंपनीच्या आराखड्याची निवड.

या यादीतल्या मंजुरीच्या आणि रद्द होण्याच्या तारखा वाचणाऱ्याला राजकारण दिसतं. गावात राहणाऱ्याला मात्र वेगळे प्रश्न पडतात. घराचं छप्पर दुरुस्त करायचं की नाही? मुलांना गावच्या शाळेत घालायचं की नाही? म्हातारपणी घर विकून मुलांजवळ जायचं, तर घर घेणार कोण?

धावपट्टी येणार अशी चर्चा सुरू झाली की घरांना गिऱ्हाईक मिळत नाही. मग विमानतळ कंपनी स्वतः घरं घ्यायला पुढे येते. २००९ नंतर सिप्सनमध्ये हेच झालं. कंपनीनं अनेक घरं घेतली आणि ती भाड्यानं दिली. योजना रद्द झाली, पण गेलेली कुटुंबं परतली नाहीत. भाडेकरू येत-जात राहतात. अशा गावात बुलडोझर यायच्या आधीच वीण उसवू लागते.

या काळात आंदोलनंही झाली. २००९ मध्ये ग्रीनपीस या संस्थेनं अभिनेत्री एमा थॉम्पसन आणि इतरांच्या सोबतीनं सिप्सनमधला शेताचा एक तुकडा विकत घेतला. भूसंपादनात जास्तीत जास्त अडथळे यावेत म्हणून त्याच्या मालकीत जगभरातल्या हजारो लोकांना सहभागी करून घेण्यात आलं. पुढाऱ्यांनीही मोठमोठ्या घोषणा केल्या. धावपट्टीच्या बुलडोझरसमोर आडवं पडू, असं बोरिस जॉन्सन २०१५ मध्ये म्हणाले होते. २०१८ च्या मतदानाच्या दिवशी परराष्ट्रमंत्री असलेले जॉन्सन अफगाणिस्तानच्या दौऱ्यावर होते.

धावपट्टी हवी तरी कशाला?

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत. फ्रँकफर्ट आणि पॅरिसच्या मुख्य विमानतळाला प्रत्येकी चार, तर ॲमस्टरडॅमला सहा आहेत. हीथ्रोवर वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणांची मर्यादा आहे आणि विमानतळ गेली अनेक वर्षं त्या मर्यादेला टेकलेला आहे. २०२४ मध्ये इथून सुमारे ८ कोटी ३९ लाख लोकांनी प्रवास केला.

कंपनीच्या २०२५ च्या प्रस्तावानुसार साडेतीन किलोमीटर लांबीची नवी धावपट्टी होईल. त्यासाठी लंडनला वळसा घालणारा एम-२५ हा महामार्ग धावपट्टीखालून बोगद्यातून न्यावा लागेल. धावपट्टीचा खर्च २१ अब्ज पाउंड आणि टर्मिनलसह संपूर्ण विस्ताराचा खर्च सुमारे ४९ अब्ज पाउंड इतका सांगितला आहे. उड्डाणं ७ लाख ५६ हजारांपर्यंत आणि प्रवासी १५ कोटींपर्यंत जातील, असा दावा आहे. पैसा खासगी असेल. कंपनीच्या भागधारकांत फ्रान्सची आर्डियन ही गुंतवणूक कंपनी, तसंच कतार आणि सौदी अरेबियाचे सरकारी निधी आहेत.

रोजगार, निर्यात आणि गुंतवणूक वाढेल, असं सरकारचं म्हणणं आहे. आसपासच्या हेझ, साउथॉल, हाउन्स्लो या भागांतल्या हजारो कुटुंबांचा पगार विमानतळावर अवलंबून आहे. साउथॉलमध्ये स्थायिक झालेल्या अनेक भारतीय कुटुंबांनाही हीथ्रोनंच काम दिलं. त्यामुळे 'विमानतळ विरुद्ध स्थानिक' इतकं हे चित्र सरळ नाही. एकाच घरात धावपट्टी नको म्हणणारी आई आणि विमानतळावर नोकरी करणारा मुलगा असू शकतो.

विरोधकांचे मुद्दे तीन. पहिला आवाजाचा, कारण विमानं लंडनच्या दाट वस्तीवरूनच उतरतात. दुसरा हवेच्या प्रदूषणाचा. तिसरा कार्बनचा. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन कायद्यात लिहिलेला देश विमानांची संख्या दीडपटीहून अधिक वाढवणार असेल, तर हिशेब जुळणार कसा, हा त्यांचा प्रश्न आहे.

कायदा इमारत वाचवतो, गाव नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंग्लंडमध्ये ऐतिहासिक इमारतींची सरकारी यादी असते. यादीतल्या इमारतींचे तीन दर्जे आहेत. सर्वांत वरच्या पहिल्या दर्जात एकूण इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के येतात. हार्मंड्सवर्थचं कोठार त्यात आहे. अशी इमारत पाडायची, वाढवायची किंवा तिच्यात बदल करायचा तर वेगळी परवानगी लागते. परवानगीशिवाय हात लावला तर तो गुन्हा ठरतो.

यादीच्या पलीकडे 'संवर्धन क्षेत्र' असाही एक प्रकार आहे. त्यात एकट्या इमारतीऐवजी संपूर्ण परिसराचं रूप जपायचं असतं. हार्मंड्सवर्थचा जुना गावभाग अशा क्षेत्रात येतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे २००८ च्या नियोजन कायद्यात. राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकल्पांसाठी या कायद्यानं वेगळी वाट तयार केली. अशा प्रकल्पाला स्थानिक नगरपालिका परवानगी देत नाही. अर्ज थेट राष्ट्रीय पातळीवर जातो, निरीक्षक सुनावणी घेतात आणि अंतिम निर्णय मंत्री करतात. मंत्र्यांचा तो एकच आदेश बाकीच्या अनेक परवानग्यांची जागा घेतो. ऐतिहासिक इमारतीसाठी लागणारी परवानगीही त्यातच येते आणि सक्तीच्या भूसंपादनाचे अधिकारही त्यातून मिळतात.

पहिल्या दर्जाची इमारत नष्ट करणं ही अगदी अपवादात्मक गोष्ट असली पाहिजे, असं धोरण सांगतं. त्यामुळे कोठारावर घाव घालायला कुणी धजावत नाही. ते विमानतळाच्या हद्दीबाहेर राहील अशा बेतानं रेघ आखली जाते. पण त्याच कोठारासमोरच्या साध्या घराला, गावातल्या प्राथमिक शाळेला असं कवच नाही. लाँगफर्ड तर संपूर्ण जाणार आहे. गंमत म्हणजे हवाई वाहतुकीचाच फायदा घेणाऱ्या ब्रिटिश एअरवेजचं मुख्यालयही याच पट्ट्यात आहे आणि तेही धावपट्टीच्या वाटेत येतं.

ज्यांची घरं जातील त्यांना बाजारभावाच्या १२५ टक्के रक्कम, शिवाय नवीन घरावरचा कर आणि स्थलांतराचा खर्च देऊ, असं विमानतळ कंपनी गेल्या दशकापासून सांगत आली आहे. हा बाजारभाव धावपट्टीची चर्चाच नसती तर जो असता, तो धरायचा आहे. कागदावर हा मोबदला वाईट नाही. पण त्यातून घराची किंमत मिळते. शेजाराची भरपाई कशी मोजायची, याचं सूत्र कुठल्याच कायद्यात नाही.

कोठार कुणामुळे वाचलं?

'कोठार तर राहणारच आहे ना,' असं म्हणणाऱ्यांनी त्याचा अलीकडचा इतिहास पाहायला हवा.

आधीची मालक कंपनी बुडाल्यावर २००६ मध्ये हे कोठार जिब्राल्टरमध्ये नोंदणी झालेल्या एका कंपनीनं विकत घेतलं. किंमत होती एक पाउंड. त्याआधी हाच सौदा स्थानिक नगरपालिका आणि 'इंग्लिश हेरिटेज' ही वारसा जतन करणारी सरकारी संस्था यांच्यापुढे आला होता. दोघांनीही तो नाकारला होता.

पुढची काही वर्षं कोठाराची देखभाल झाली नाही. छपराची कौलं निखळली, पाणी आत येऊ लागलं. सहाशे वर्षं टिकलेलं लाकूड कुजण्याची वेळ आली. गावकऱ्यांनी आवाज उठवला. अखेर २००९ मध्ये इंग्लिश हेरिटेजनं तातडीच्या दुरुस्तीची नोटीस काढली आणि नंतर २० हजार पाउंड देऊन कोठार स्वतःच विकत घेतलं. २०१२ च्या जानेवारीत ते जाहीर झालं. दुरुस्ती होऊन २०१५ मध्ये ते लोकांसाठी पुन्हा खुलं झालं.

म्हणजे सर्वोच्च दर्जाचं कायदेशीर संरक्षण असतानाही कोठार कुजत होतं. यादीत नाव असलं म्हणून कुणी कौलं बसवायला येत नाही. गळती सुरू झाली हे ज्यांना रोज दिसत होतं आणि ज्यांनी त्यासाठी पत्रं लिहिली, फोन केले, ती माणसं गावात राहत होती. आजही कोठार उघडतात ते स्थानिक स्वयंसेवकच. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातून दोन रविवारी ते पाहता येतं, तेही विनामूल्य.

गाव उठलं, तर ही किल्ली कुणाच्या हातात राहणार? विमानतळाच्या कुंपणाला लागून, विमानांच्या आवाजात, रिकाम्या गल्ल्यांच्या टोकाला उभं असलेलं कोठार इमारत म्हणून शिल्लक राहील. पण ते शेतीचं, गावाचं, कापणीच्या हंगामाचं कोठार होतं, हे तिथे उभं राहून कुणाला कळणार नाही.

उकरल्यावर सापडणारा वारसा

या जमिनीचा आणखी एक विरोधाभास आहे. तिचा इतिहास बऱ्याचदा ती उकरल्यामुळेच कळला. १९४४ मध्ये धावपट्टीचं काम सुरू होण्याआधी पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना उत्खननासाठी थोडा वेळ मिळाला. त्यात लोहयुगातली वस्ती आणि मंदिरासारखी एक वास्तू आढळली. पुढे पाचव्या टर्मिनलच्या वेळी झालेल्या मोठ्या उत्खननात नवाश्मयुगापासूनच्या शेताच्या बांधांचे, विहिरींचे, घरांचे अवशेष मिळाले.

प्रकल्पाचे समर्थक याकडे बोट दाखवून म्हणू शकतात, की विकास आणि वारसा एकत्र नांदू शकतात. त्यात तथ्य आहे. पण मातीखालचा वारसा नोंदवून, खोक्यात भरून संग्रहालयात नेता येतो. जिवंत गावाच्या बाबतीत ते करता येत नाही.

पुढे काय?

नोव्हेंबर २०२५ मधली निवड म्हणजे अंतिम मंजुरी नव्हे. आधी २०१८ मध्ये मंजूर झालेल्या विमानतळ धोरणाचा सरकार फेरआढावा घेणार. त्यावर लोकांची मतं मागवली जाणार. सुधारित धोरण संसदेपुढे जाणार. त्यानंतर कंपनी प्रत्यक्ष प्रकल्पासाठी अर्ज करेल, सुनावणी होईल आणि मग मंत्री निर्णय देतील. २०३५ पर्यंत धावपट्टीवरून विमानं उडावीत, असं उद्दिष्ट आहे. मध्ये कोर्टकचेऱ्या होतील, हे आजवरचा अनुभव सांगतो. निवडणूकही होईल आणि सरकार बदलण्याचीही शक्यता आहे.

हार्मंड्सवर्थच्या रहिवाशांसाठी याचा अर्थ असा, की आणखी काही वर्षं तरी ठाम उत्तर मिळणार नाही. हार्मंड्सवर्थ ज्या मतदारसंघात येतं तिथून १९९७ पासून खासदार असलेले जॉन मॅकडॉनल आणि स्थानिक गट विरोधावर कायम आहेत. दुसरीकडे, होय किंवा नाही काय ते एकदाचं सांगा, असं म्हणणारेही कमी नाहीत.

१९४४ मध्ये हीथ रो वाडीला बोलण्याची संधीच मिळाली नव्हती. हार्मंड्सवर्थला ती मिळाली आहे. सुनावण्या, हरकती, न्यायालयं, संसदेतली चर्चा, सगळं झालं आणि पुन्हा होईल. हा फरक लहान नाही. पण हरकती ऐकून घेतल्या जात असताना, निर्णय लांबत असताना गाव हळूहळू रिकामं होत गेलं, तर अखेरचा निकाल गावाच्या बाजूनं लागूनही फार काही हाती लागणार नाही. शेजारच्या सिप्सननं हे आधीच अनुभवलं आहे.